क्लागेनफुर्टच्या अलीकडचं रान

व्लास्ताकाकू मार्चमध्ये गेली. आजार असा काही नव्हता, जरा अंग कसकसतंय म्हणून आडवी झाली ती झालीच. मातीला अख्खं ल्होत्का गाव लोटलं. मग सगळे गावच्या खानावळीत जमले, पुढ्यात गरम रस्सा आला, आणि काकूबद्दल बोलायला ज्याने तोंड उघडलं तो फिरून फिरून एकाच गोष्टीवर यायचा. एक्क्याण्णव सालची बसची सहल. व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम आणि परत. ओल्दा ड्रायव्हर आता पार वाकलाय, काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बसमध्ये माझ्यावर ओरडायची हिंमत एकाच बाईची झाली. ती आता वर गेल्या गेल्या दारवानावर ओरडली असेल, की मेल्या एवढा वेळ लावतोस दार उघडायला." सगळे हसले, आणि हसता हसता काकूच्या जुन्या गिऱ्हाईक क्वेताबाईंनी नाक पुसलं. पण एकानेही धड पहिल्यापासून सांगितलं नाही. एक व्हेनिसपासून सुरू करायचा, दुसरा मधेच रोमला न्यायचा. तर हे पहिल्यापासून.

काकूचं केस कापायचं दुकान होतं, बसथांब्याच्या समोर. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि केस वाळवायचं ते डोक्यावर घ्यायचं मोठं टोपडं. गावातल्या समस्त बायकांची डोकी तिच्या हाताखालून जायची, त्यामुळे कोणाच्या डोक्यात काय चाललंय तेही तिला माहीत असायचं. बोलायला फटकळ. एखादीने मासिकातला फोटो दाखवून असे केस कर म्हटलं तर ही म्हणायची, "करते. पण चेहरा तुझाच राहील हो, मग माझ्या नावाने बोंबलू नकोस." तरी बायका तिच्याकडेच यायच्या.

सीमेवरची काटेरी तार निघाली, देशाबाहेर जायची बंदी उठली, आणि दीड वर्षात आमच्या लोकांना जग बघायची भूक लागली. काकूने ती हेरली. शेतकी सोसायटीची बस होती, ओल्दा तिचा ड्रायव्हर. काकू टोपड्याखाली बसलेल्या बाईला विचारायची, "रोमला येतेस ना गं?" टोपड्याच्या घरघरीत ऐकू काही यायचं नाही, बाई आपली हसून मान हलवायची. काकू लगेच तिचं नाव धरायची. क्वेताबाईंचं असंच झालं. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, तू रोमला चाललीस म्हणे, तर ह्या म्हणाल्या, "मी? मी तर पाणी फार गरम नको म्हणाले होते." पण गेल्या. सगळेच गेले. बस भरली.

बाहेरून बघता ही सगळी रोम बघायची हौस. काकूच्या मनात मात्र कारण वेगळंच होतं, आणि ते तिने नवऱ्याशिवाय, म्हणजे लुद्विककाकांशिवाय, कोणाला कळू दिलं नव्हतं. तिला आपल्या बापाला आपल्या भावासमोर उभं करायचं होतं.

बाप म्हणजे मेतोदआजोबा. ते आमच्या वरच्या रानाचे राखणदार होते, सरकारी नोकरीतले. हिरवी टोपी, खांद्याला बंदूक, आणि बोलणं असं की झाडाने बोलावं तर तेवढं. धाकटा मुलगा रादिम, काकूचा पाठचा भाऊ. अडुसष्ट साली परक्या फौजेचे रणगाडे देशात आले आणि सप्टेंबरात रादिम एका सोमवारी कामाला म्हणून निघाला तो चोरून सीमेपलीकडे गेला, तेव्हा तो गुन्हा होता. बावीस वर्षांचा पोरगा. घरात कोणाला एका शब्दाने सांगितलं नाही. मग आजोबांना रानखात्याच्या ऑफिसात बोलावलं. ज्याला घरचं पोर राखता आलं नाही त्याने सरकारचं रान कसलं राखायचं, असं साहेब तोंडावर म्हणाले आणि टोपी काढून घेतली. झ्लीनला बुटांच्या कारखान्यात घातलं त्यांना, तळवे चिकटवायच्या खात्यात. रानात हवेचा वास घेऊन उद्या पाऊस सांगणारा माणूस, तो रबराच्या वासात म्हातारा झाला.

त्या दिवसापासून रादिमचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही. तो तिकडून नाताळला कॉफी-चॉकलेटची पार्सलं पाठवायचा, ती पोस्टमनच्या हाती परत जायची. सीमा उघडली तसा रादिम ईस्टरला आला, स्वतःची गाडी घेऊन, चांगले कपडे घालून. आजोबांनी खिडकीतून गाडी बघितली, आणि घरातल्या सपातांवर मागच्या दाराने रानात निघून गेले. रादिम स्वयंपाकघरात बसून राहिला. काकूने केलेला केक तसाच राहिला. अंधार पडला, रादिमची गाडी गेली, तेव्हा आजोबा ओल्या सपातांनी परत आले आणि म्हणाले, "चूल विझली की काय?"

त्यानंतर काकूने फोन केला तर रादिम म्हणाला, "ताई, एकदा त्यांची पाठ बघितली. पुन्हा बघायला मी काही दगडाचा नाही."

"अरे, घराला मागचं दार आहे म्हणून गेले. बसला कुठे जातील?"

"बसलाही मागचं दार असतं."

"त्याला कुलूप लावायला सांगीन मी ओल्दाला. तू फक्त तिथे उभा राहा. आम्ही रोमहून परत येताना तुझ्या गावावरून येणार. तोवर मी त्यांना मऊ करते."

रादिमने तारीख लिहून घेतली. तो ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टला राहायचा, तिथे तळ्याकाठी बसगाड्यांचा तळ आहे. म्हणाला, "त्या शनिवारी साडेचारला मी तिथे असेन. पाचला निघेन. बस नाही आली तर मी समजेन की तेच नको म्हणाले. आणि मग परत कधी नाही, ताई. तू फोन केलास तरी नाही."

काकू म्हणाली, "बस येईल. मी आणतेय म्हटल्यावर येईल."

आता म्हाताऱ्याला बसमध्ये चढवायचं. रोमला कशाला, म्हणाले. पोप आहे, काकू म्हणाली. "तो मला कुठे ओळखतो?" मग तिने सरळ थाप मारली, की तुमच्याविना माणसं पुरी होत नाहीत, सोसायटी बस देणार नाही, सगळ्या गावाचा विरस होईल. तेव्हा म्हातारे उठले आणि बूट पुसायला घेतले. "माझ्यामुळे कोणाचं अडायला नको," म्हणाले. लुद्विककाका सशांना चारा घालायला घरी राहिले. निघताना बायकोच्या कानात म्हणाले, "नाही जमलं तर नाही जमलं." काकू म्हणाली, "तू सशांचं बघ."

बसचं पोट खाण्याने भरलेलं. तळलेले मांसाचे काप, खारवलेलं डुक्कर, पाव, डबाबंद काय काय, गॅसची छोटी शेगडी, आणि आलुबुखारची घरची दारू. कुठल्याही शहरात पोचलं की आधी शेगडी पेटायची आणि मग शहर. झोपायचं बसमध्येच, पाय खिडकीला लावून. ओल्दा म्हणायचा, सीमेवरच्या पोलिसांना आपले पासपोर्ट बघायची गरजच नाही, वासावरून कळतं कुठली बस ते.

व्हिएन्नाला काकूने पहिला प्रयत्न केला. रुंद रस्ता, दोन्हीकडे दुकानं, सगळी मंडळी काचांना नाक लावून उभी. काकू आजोबांचा हात धरून म्हणाली, "बघा बाबा, इथे आपल्याकडचे किती जण राहतात. चांगलं चाललंय त्यांचं."

"चालू दे," म्हणाले, आणि रस्त्याकडेच्या झाडाच्या बुंध्याला हात लावून बघायला लागले. "फार छाटलंय ह्याला."

व्हेनिसला सगळे पाण्याकडे बघत होते, क्वेताबाई तर रडल्याच, म्हणाल्या इथे मेले तरी चालेल. आजोबा खाली वाकून भिंतीच्या बुडाशी बघत होते. कोणीतरी सांगितलं की हे सगळं गाव पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे. झालं. दिवसभर त्यांच्या डोक्यात तेच. "व्लास्ता, किती रान तोडलं असेल ह्यांनी? एवढ्या खांबांना किती रान लागेल?" ती म्हणाली, "बाबा, समुद्र बघा ना, आयुष्यात पहिल्यांदा बघताय." तर म्हणाले, "तो कुठे जातोय?"

फ्लोरेन्सला एका चर्चमध्ये तिने त्यांना मुद्दाम एका चित्रासमोर नेलं. म्हातारा बाप, पुढ्यात गुडघ्यांवर टेकलेला मुलगा, घरी परत आलेला. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. आजोबांनी चष्मा लावून नीट बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "टाचा बघ पोराच्या बुटांच्या. असल्या तळव्याने काय चालणार माणूस? कच्चं काम." तिने कपाळावर हात मारून घेतला. शेजारी क्वेताबाई होत्या, त्या म्हणाल्या, "अगं, तू रोमला निघालीस की दात काढायला? काय तोंड झालंय तुझं!"

रोमला ऊन मी म्हणत होतं. छत्रीसारख्या डोक्याची झाडं असलेल्या एका बागेत ती त्यांना घेऊन बाकावर बसली. तिने ठरवलं होतं, आज सरळ विचारायचं. म्हणाली, "बाबा, तो कधी असा अचानक समोर आला, तर काय कराल?"

आजोबा म्हणाले, "कोण?"

बस, एवढंच. बावीस-तेवीस वर्षांचा राग नव्हता त्या आवाजात, काहीच नव्हतं. ती घाबरली ती त्यानेच. रागवले असते तर तिला आवडलं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, आणि भांडणात ती कोणाला हार जायची नाही. पण तोंड पाडून बसेल ती काकू नव्हे. उठली, स्कर्ट झटकला आणि मनाशी म्हणाली, नाही विरघळत तर नाही, तसेच कडक उभे करते. एकदा समोरासमोर येऊ देत, पुढचं पुढे.

परतीला निघाले. शनिवार होता. दोन दिवसांपूर्वी डोंगरात पाऊस झाला होता, रस्त्याच्या कडा अजून ओल्या होत्या. सीमा ओलांडून बस ऑस्ट्रियात शिरली तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील, आणि क्लागेनफुर्ट तिथून तासाभरावर. काकूने बटव्यातून कंगवा काढून ठेवला होता, पोचायच्या आधी बाबांच्या केसांवरून फिरवायला. बघता बघता क्लागेनफुर्ट वीसेक मिनिटांवर आलं, आता फक्त बसून राहायचं. तेवढ्यात क्वेताबाईंना उतरायचं झालं.

"घरी जाऊन उतर," काकू म्हणाली.

"अगं ए, ते काय माझ्या हातात आहे?"

ओल्दाने रानाच्या कडेला बस घेतली. "दहा मिनिटं," म्हणाला. "अकराव्याला मी निघतो, मग खाली कोणी राहो. मी वळून बघणार नाही."

क्वेताबाई झाडांमागे गेल्या, आणि एक किंकाळी आली. सगळ्यांना वाटलं साप. माणसं उठून उभी राहिली. तर ह्या झाडांतून बाहेर आल्या, एका हाताने स्कर्ट सावरलेला आणि दुसऱ्या हातात तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढं अळंबं. तपकिरी टोपीचं, पांढऱ्या टणक देठाचं. "अगं बायांनो," ओरडल्या, "इथे कोणी वेचतच नाही! नुसती उभी आहेत! रांगेने उभी आहेत!"

आमच्या माणसांना अळंबी दिसली की मग देव आठवत नाही आणि घर आठवत नाही. बस एका मिनिटात रिकामी झाली. रोममध्ये गुडघा दुखतो म्हणून जे पायऱ्या चढले नव्हते ते उड्या मारत चढावर गेले. ओल्दाने इंजिन बंद केलं, "मी फक्त हे कडेचं बघतो," म्हणाला आणि कुलूप लावून दिसेनासा झाला. त्याने कुलूप लावायच्या जरा आधी आजोबा उतरले होते, सगळ्यांत शेवटी. उभे राहिले. नाक वर करून हवा घेतली. कोणाकडे न बघता, घाई न करता, आपल्या घरात शिरावं तसे सरळ आत गेले.

"बाबा, लांब जाऊ नका!" काकू ओरडली आणि त्यांच्यावर नजर ठेवायची म्हणून मागोमाग आत गेली. इतकंच तिच्या डोक्यात होतं, बाबांवर नजर ठेवायची. पण पायाशीच एक होतं. असलं अळंबं सोडून पुढे जायचं म्हणजे पाप. तिने ते उचललं. त्याच्या पलीकडे दुसरं होतं. दुसऱ्याच्या बाजूला शेवाळातून तिसऱ्याचं नुसतं डोकं वर आलेलं. डोक्याचा रुमाल भरला. मग तिने स्वेटर काढला, बाह्यांना गाठ मारली, तोही भरला. इतकी शांतता होती आत, सुईपानांच्या झाडांचा वास, उन्हाचे पट्टे, आणि कितीतरी दिवसांनी ती कशाचाच विचार करत नव्हती. कंबर भरून आली म्हणून सरळ उभी राहिली आणि सहज घड्याळ बघितलं.

पावणेपाच.

जिने सगळं ठरवलं, सगळ्या गावाला इकडून तिकडे हाकललं, तिनेच बरोबर त्या दिवशी अळंब्यांत वेळ घालवला. बाबा कुठेच दिसत नव्हते. हाका मारल्या तर सगळ्या बाजूंनी "आलो, आलो" असे आवाज येत, आणि येत कोणीच नव्हतं. ती धावत रस्त्यावर आली. बसला कुलूप. तिने पायातला बूट काढला आणि बसच्या पत्र्यावर धडाधड बडवायला लागली. तो आवाज ऐकून, तरी अर्ध्या तासाने, माणसं एकेक करून बाहेर आली. टोप्या भरलेल्या, पिशव्या भरलेल्या. क्वेताबाईंनी लांब मोजे काढून त्यात भरली होती आणि ते गळ्यात अडकवले होते. सगळ्यांत शेवटी ओल्दा, उघडाबंब, शर्टाचं गाठोडं करून.

"ड्रायव्हर आहेस का कोण आहेस?" काकू ओरडली. "दहा मिनिटं म्हणालास ना? अकराव्याला निघणार होतास ना?"

"अगं पण हात लावून तर बघ, काय टणक आहेत!"

"घाल त्या टणकांना चुलीत! साडेपाच वाजून गेले!"

"मग वाजू देत की," क्वेताबाई म्हणाल्या. "तुझं एवढं काय जळतंय क्लागेनफुर्टला?"

तेव्हा काकूचा आवाज चिरकला. "माझा भाऊ उभा होता तिथे," म्हणाली. "बाबांसाठी. पाचपर्यंत. आता गेला असेल, आणि परत येणार नाही म्हणालाय."

ल्होत्कामध्ये ही गोष्ट माहीत नाही असं कोणी नव्हतं. ओल्दाने अळंबी गवतात ओतली आणि शर्ट अंगात घातला, उलटाच घातला. "आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर ह्या क्वेताने व्हिएन्ना यायच्या आत बाबांच्या कानावर घातलं असतं."

क्वेताबाईंनी क्षणभर विचार केला. "हो," म्हणाल्या. "घातलं असतं."

सगळे आले होते, आजोबा सोडून. काकू त्यांना आणायला परत वळली, तर बसच्या मागे एक निळी गाडी उभी. आधी नव्हती. गाडीत कोणी नाही. तिला वाटलं पोलीस असेल, नाहीतर रानाचा मालक, आणि बाबा सापडले असतील त्याच्या हाती. ती एका पायात बूट, एक हातात, तशीच आत पळाली.

बरीच आत गेल्यावर आजोबांचा आवाज आला. "तिथे पाय ठेवू नकोस. मागे हो."

एका मोकळ्या जागी ते गुडघे टेकून बसले होते. त्यांच्यापासून दोन हातांवर एक माणूस तसाच बसलेला, पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची पँट, गुडघ्यांना चिखल. आजोबा म्हणाले तसा तो निमूट मागे सरकला होता. आजोबा आपल्या भाषेत बोलले होते आणि त्याला कळलं होतं, हे तिच्या नंतर ध्यानात आलं. आधी तिने त्याची मान बघितली. मागच्या बाजूला केसांत दोन भोवरे, एक इकडे वळलेला एक तिकडे. ते केस लहानपणी तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून शंभरदा कापले होते आणि शंभरदा ते भोवरे बसले नव्हते.

हाक मारायला तिने तोंड उघडलं. आणि काकू आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिली. झाडाला धरून उभी राहिली.

रादिमने एक अळंबं बोटांनी हलकेच फिरवून काढलं. मग ते जिथे होतं तिथला खड्डा शेवाळाने झाकला, वर सुईपानं पसरली आणि तळव्याने दोनदा थोपटली. आजोबा त्याच्या हाताकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे.

"हे झाकायला कोणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

लांबून ओल्दाच्या बसचा भोंगा वाजला आणि थांबला. क्वेताबाईंनी त्याचा हात धरला असणार.

आजोबा म्हणाले, "त्या रविवारी दिवसभर माझ्याबरोबर होतास. वरच्या रानात. टोपली भरून आणली आपण. एक शब्द बोलला नाहीस."

"बोललो असतो तर जाऊ दिलं असतंत?"

"नाही." मग पुन्हा म्हणाले, "नसतं दिलं."

"आणि तरी गेलो असतो, तर पोलिसांनी तुम्हाला नेऊन विचारलं असतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, बाबा. आईला चोरून सिगारेट ओढायचात आणि तिने नुसतं बघितलं तरी कबूल व्हायचात. माहीत असतं तर तुम्ही आत गेला असतात. म्हणून नाही सांगितलं. दिवसभर जिभेवर होतं माझ्या."

आजोबांनी हातातलं अळंबं उलटं केलं, खालून बघितलं, सुलटं केलं. "विचारलं," म्हणाले. "पुन्हा पुन्हा विचारलं. माहीत नाही म्हणालो. कोणाला पटलं नाही."

"पण खरं होतं ना?"

"खरं होतं." जरा थांबून, "रान घेतलं माझं."

"माहीत आहे मला."

"तुला काय माहीत?" आवाज चढला त्यांचा, आणि काकूचा जीव भांड्यात पडला. हा राग होता. "तुला काय माहीत? पहाटे उठायचो तर नाकात रबर. सगळं आयुष्य ते..." पुढे बोलता येईना त्यांना. रादिम मान खाली घालून ऐकत राहिला. मग आजोबांनी हात पुढे केला. "गुडघा धरलाय," म्हणाले. "उठव मला."

रादिमने त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं केलं. उभे राहिले, तोल सावरला, तरी त्याची बाही सोडली नाही. त्या पांढऱ्या शर्टावर मातीची बोटं उमटली.

"झालं असेल तर चला," काकू झाडामागून म्हणाली. "बस खोळंबलीय."

"कधीपासून उभी आहेस तू?" आजोबांनी विचारलं.

"आत्ताच आले."

"खोटं. मघापासून नाक ओढल्याचा आवाज येतोय."

रस्त्याकडे येताना रादिमने बहिणीला हळूच सांगितलं. पाचला त्याने गाडी सुरू केली होती. घराकडे वळायच्या चौकात आला आणि मनात आलं, पाऊस गुरुवारी झालाय, आज शनिवार. सीमेकडून येताना मधे रान लागतं. आणि बसमध्ये चाळीस माणसं आपल्याकडची. मग तो घराकडे न वळता इकडे वळला. "बस दिसली, आत कोणी नाही," म्हणाला, "तेव्हा इतका हसलो, ताई, की गाडी बाजूला घ्यायला लागली."

"मग मला का नाही शोधलंस आधी?"

"तुला शोधायला काय लागतं? तू बस बडवत होतीस. मी शेजारून आत गेलो."

बसमधले सगळे खिडक्यांना चिकटले होते. क्वेताबाई टाळ्या वाजवायला लागल्या तर ओल्दा म्हणाला, "हात खाली." आजोबा बसच्या दाराशी आले, पायरीवर पाय ठेवला, आणि काढून घेतला. ओल्दाला म्हणाले, "मी ह्याच्या गाडीतून पुढे होतो. तू मागून ये. सावकाश ये, फार धक्के देतोस."

निळी गाडी पुढे निघाली. काकू ओल्दाच्या शेजारच्या सीटवर बसली, मांडीवर अळंब्यांनी भरलेला स्वेटर, कंगवा कुठे पडला ते तिला आठवेना. पुढच्या काचेतून त्या गाडीत दोन डोकी दिसत होती, दोघंही नाकासमोर बघत असलेली. बोलत नव्हते. एक वळण गेलं, दुसरं गेलं, तरी बोलत नव्हते. काकूने सीटची दांडी घट्ट धरली होती. मग तिसऱ्या वळणावर गाडीच्या खिडकीतून आजोबांचा हात बाहेर आला आणि वरच्या उताराकडे काहीतरी दाखवायला लागला, बोट इकडे, बोट तिकडे, मधेच तळवा सपाट. दुसरं डोकं तिकडे वळलं. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली.

"आता काय परत उतरतात की काय हे?" ओल्दा म्हणाला. "रात्र होईल घरी पोचायला."

"होऊ दे," काकू म्हणाली. "ते थांबले तर तूही थांब. आणि भोंगा वाजवलास तर बघ."